आवडीचा गेम दुकानात आणायचाय? मग दार कुणाचं ठोठावायचं?

एखादा गेम स्टीम किंवा गॉगसारख्या डिजिटल दुकानात मिळत नाही म्हटलं की चाहत्यांचा पहिला उद्योग ठरलेला असतो. ऑनलाइन याचिका काढायची, तिची लिंक व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डच्या सगळ्या ग्रुपांवर टाकायची आणि सह्या मोजत बसायचं. बंगळुरूत हे जरा जास्तच होतं, कारण इथे गेम खेळणारेही भरपूर आणि बनवणारेही. एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटवर शनिवारी रात्री चार मराठी पोरं खेळायला जमली, तर त्यातला एखादा गेमिंग कंपनीतच कामाला असायचा. तरीही याचिका बहुतेक वेळा हवेत विरते. मागणी रास्त असते, पण ती चुकीच्या दारी जाते.

डिजिटल दुकान स्वतःच्या मर्जीने कुठलाही गेम मांडू शकत नाही. गेमच्या मालकाने दिला तर दुकान विकणार. काही दुकानं मालकाने देऊनही नाकारतात, आणि कधी दोघांची तयारी असूनही कायदा किंवा करार आडवा येतो. त्यामुळे सही मागण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली आहे ते शोधायला हवं. ते शोधून मागणी कशी करायची, त्याची ही रीत.

आधी अडचण ओळखा

गेम दुकानात नसण्याची कारणं साधारण चार प्रकारची असतात.

पहिलं, हक्क गुंतलेले असतात. जुन्या गेमचं हे सर्वांत मोठं दुखणं. कंपनी बुडते किंवा विकली जाते, आणि गेमचं नाव एकाकडे, कोड दुसऱ्याकडे, संगीत तिसऱ्याकडे जातं. ‘अल्फा प्रोटोकॉल’ हा गेम २०१९ साली संगीताच्या परवान्याची मुदत संपल्यामुळे विक्रीतून गेला आणि २०२४मध्ये गॉगवर परतला. गेम तोच होता, अडलं होतं ते गाण्यांच्या कागदांवर.

दुसरं, दुकानानेच नाकारलेला असतो. गॉग हे निवडून माल ठेवणारं दुकान आहे. ‘ओपस मॅग्नम’ हा झॅकट्रॉनिक्सचा कोड्यांचा गेम तिथे आधी नाकारला गेला होता. खेळाडूंनी नाराजी बोलून दाखवली आणि तो पुढे घेतला गेला. चाहत्यांनी थेट दुकानाशी बोलून काम होतं, ते अशा वेळी.

तिसरं, गेम इतर देशांत मिळतो, पण भारतात मिळत नाही. असा निर्णय बहुतेक वेळा प्रकाशकाचा असतो. २००८ साली ‘फॉलआउट ३’ भारतात आणायचा नाही असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं, तेव्हा सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं होतं. अशा वेळी दुकानदाराशी भांडून काहीच हाती लागत नाही.

चौथं, सरकारी आदेश. याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण बंगळुरूत कार्यालय असलेल्या क्राफ्टन इंडियाचं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होता. जुलै २०२१मध्ये त्याच्या जागी क्राफ्टनचा बीजीएमआय हा गेम आला. २८ जुलै २०२२ रोजी तोही गुगल आणि ॲपल या दोन्ही दुकानांतून निघाला आणि मे २०२३मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या बोलीवर परतला. मधल्या काळात चाहत्यांनी समाजमाध्यमं दणाणून सोडली. पण दुकानांनी गेम काढला होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या आदेशावरून. तो सोडवायला कंपनीलाच सरकारशी बोलावं लागलं. असा आदेश असेल तर प्ले स्टोअरला एक तारा देऊन राग काढण्यात अर्थ नाही. ते त्यांच्या हातातच नसतं.

मालकाचा माग काढा

गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर, सीडीच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर कॉपीराइटची ओळ असते. तिच्यातलं वर्ष आणि कंपनीचं नाव उतरवून घ्या. मोबीगेम्ससारख्या नोंदसंग्रहात निर्माता वेगळा आणि प्रकाशक वेगळा दिसतो; दोन्ही नोंदवा. कंपनी भारतीय असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती चालू आहे, बंद झाली की दुसरीत विलीन झाली ते कळतं. गेमच्या नावाचा ट्रेडमार्क कोणाकडे आहे, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं. एका सुट्टीच्या दुपारचं हे काम आहे, आणि पुढचे कित्येक महिने त्याने वाचतात.

उदाहरण म्हणून ‘योद्धा’ घ्या. कारगिल युद्धानंतरच्या काळातला, मुंबईच्या इंडियागेम्सचा, भारतात बनलेल्या सुरुवातीच्या पीसी गेम्सपैकी एक. विशाल गोंडल यांनी १९९९मध्ये सुरू केलेली ही कंपनी पुढे यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीमार्फत डिस्नेकडे गेली. म्हणजे ‘योद्धा’ हवा असणाऱ्याने चौकशीला सुरुवात करायची ती या साखळीच्या शेवटच्या कडीपासून, स्टीमपासून नव्हे.

‘गजिनी’चं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. २००८च्या डिसेंबरात आलेल्या चित्रपटावरचा हा गेम हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने केला होता. चित्रपटाची कथा, नटाचा चेहरा, संगीत आणि गेमचा कोड या चार वस्तूंच्या चार परवानग्या लागणार. चित्रपटावरच्या गेमसाठी मोहीम उघडण्याआधी हा हिशेब मांडा. चारांपैकी तीन मालक सापडतच नसतील तर जीव दुसऱ्या गेमसाठी लावलेला बरा.

माग काढण्याने काय होतं, ते ‘सिस्टम शॉक २’ सांगतो. १९९९चा हा गेम बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. गॉगच्या मागणी-यादीत तो वर्षानुवर्षं अगदी वर होता, पण हलत नव्हता. स्टीफन किक नावाचा गेम-कलाकार नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात असताना त्याला हा गेम खेळावासा वाटला आणि तो मिळेना. त्याने शोध घेतला तेव्हा हक्क एका विमा कंपनीकडे जाऊन पडल्याचं कळलं. त्याने त्या कंपनीशी बोलणी केली, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये गेम गॉगवर आला. यादीतल्या हजारो मतांनी गिऱ्हाईक असल्याचं सिद्ध केलं होतं, पण कुलूप उघडलं ते एका माणसाने योग्य दार ठोठावल्यावर. याच किकने काढलेल्या कंपनीने पुढे ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’साठीही खटपट केली. तिथे तीन बड्या कंपन्यांत हक्कांचा घोळ होता आणि कुणीच कागद नीट तपासायला तयार होईना. तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

दुकानागणिक रीत वेगळी

स्टीम : इथे एके काळी चाहत्यांच्या मतांवर गेम घेतले जात. ३० ऑगस्ट २०१२ला सुरू झालेली ही ‘ग्रीनलाइट’ पद्धत २०१७मध्ये बंद झाली. आता निर्माता दर गेममागे १०० डॉलर भरतो, कागदपत्रं देतो आणि स्वतःच गेम मांडतो. त्यामुळे ‘स्टीमने हा गेम घ्यावा’ अशा याचिकेला आज पत्ताच नाही. निर्मात्याला पटवा. त्याने पान उघडलं की त्याच दिवशी तो गेम विशलिस्टमध्ये टाका. किती जणांनी टाकला हे निर्मात्याला दिसतं, आणि त्यावरच तो बाकीचे निर्णय घेतो.

गॉग : पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८मध्ये सुरू केलेलं, कॉपी-बंधनाशिवाय गेम विकणारं दुकान. इथे ग्राहकांच्या मागणीला अधिकृत जागा आहे. आधीच्या मागणी-यादीच्या जागी जानेवारी २०२५मध्ये ‘ड्रीमलिस्ट’ आली. तीत मत देता येतं आणि त्या गेमची आपली आठवणही लिहिता येते. ‘डिनो क्रायसिस’चे जुने दोन भाग त्याच सुमारास तिथे आले, त्यांना मोठी मागणी होती. आठवण लिहिताना ‘माझं बालपण’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या वर्षी, कुठल्या मशीनवर खेळलात आणि आज तो चालवताना काय अडतं, ते लिहा.

एपिक : मार्च २०२३पासून इथेही निर्माता १०० डॉलर भरून स्वतः गेम लावू शकतो. दुकानाचा वाटा जास्तीत जास्त १२ टक्के असतो. स्टीम सुरुवातीला ३० टक्के घेतं. छोट्या निर्मात्याशी बोलताना हा फरक ठाऊक असलेला चांगला.

इच : अगदी लहान, प्रयोगशील गेमसाठी. निर्मात्याने ठरवलं तर संध्याकाळपर्यंत गेम विक्रीला लागतो. स्टीमचा खर्च परवडत नाही असं कुणी म्हणालं तर हा पर्याय सुचवा.

इंडस ॲपस्टोअर : बंगळुरूच्या फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू केलेलं अँड्रॉइडचं दुकान. इंग्रजीखेरीज १२ भारतीय भाषांत चालतं, त्यांत मराठी आहे. मोबाइल गेम बनवणारा निर्माता ओळखीचा असेल तर त्याला इथे मराठी वर्णनासह गेम लावायला सांगा आणि ते वर्णन लिहून द्यायची तयारी स्वतः दाखवा. निर्मात्याला मागणीपेक्षा तयार मजकूर जास्त उपयोगी पडतो.

पत्र असं लिहा

ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्या ओळीत गेमचं नाव, वर्ष आणि काय हवंय ते लिहा. ‘लाखो चाहते वाट पाहताहेत, प्लीज आणा’ या वाक्याचं वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : किती जण पैसे देतील, किती देतील, आणि आपल्याला किती काम पडेल. नमुना असा (आकडे दाखल्यापुरते) :

‘आम्ही बंगळुरू आणि पुण्यातले ४० खेळाडू आहोत. तुमचा २००३ सालचा अमुक गेम आज कुठल्याही डिजिटल दुकानात मिळत नाही. तो गॉगवर आला तर आमच्यापैकी २८ जण ५०० रुपयांपर्यंत देऊन पहिल्या आठवड्यात घेतील. मूळ सीडीवरचा गेम विंडोज ११वर सुरू होतो, पण दुसऱ्या टप्प्यानंतर आवाज तुटतो. त्याची नोंद सोबत जोडली आहे. गेमचे हक्क तुमच्याकडे नसतील तर कोणाकडे आहेत तेवढं कळवलंत तरी आभारी राहू.’

शेवटची ओळ महत्त्वाची. ‘गेम आणा’ला उत्तर द्यायचं तर समोरच्याला वरिष्ठांची बैठक लावावी लागते, ‘हक्क कोणाकडे’ला उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात. उत्तर आलं की तुमचा माग एक पायरी पुढे सरकतो.

हे पत्र प्रकाशकाच्या व्यवसाय विभागाकडे किंवा परवाने पाहणाऱ्या विभागाकडे पाठवा. ग्राहकसेवेकडे गेलेलं पत्र ठरीव उत्तर देऊन बंद केलं जातं. परदेशी कंपनीला अर्थातच इंग्रजीत लिहा. सोबत यादी जोडाल तर त्यात नाव आणि शहर एवढंच असू द्या, तेही प्रत्येकाला विचारून. मित्रांचे फोन नंबर अनोळखी कंपनीकडे पाठवू नका.

सह्यांपेक्षा गिऱ्हाईक दाखवा

चाहत्यांच्या मोहिमांत ‘ऑपरेशन रेनफॉल’ अजून अभ्यासण्यासारखी आहे. २०११मध्ये निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने वी यंत्रावरचे तीन जपानी गेम आणायला नकार दिल्यासारखं चित्र होतं. चाहत्यांनी पत्रं पाठवली, आणि त्याबरोबर ॲमेझॉनवर ‘मोनाडो’ या नावाने पडून असलेल्या ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ची आगाऊ नोंदणी एवढी केली की तो तिथल्या गेमच्या नोंदणी-यादीत सर्वांत वर गेला. एप्रिल २०१२मध्ये गेम अमेरिकेत आला. उरलेल्या दोघांनाही पुढे प्रकाशक मिळाला. या पोरांनी मागणी नेमकी निवडली होती, हेही लक्षात घ्या. ‘झेनोब्लेड’ युरोपात इंग्रजीत येतच होता, म्हणजे भाषांतराचा खर्च होऊन गेलेला होता. समोरच्याचं काम जितकं कमी, तितका होकार सोपा.

‘डार्क सोल्स’च्या याचिकेला २०१२च्या सुरुवातीला नव्वद हजारांवर सह्या मिळाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम पीसीवर आला. पण आला तो घाईघाईत : पडद्याचं रिझोल्युशन अडकवलेलं, वेग सेकंदाला ३० चित्रांवर बांधलेला. ‘डुरांटे’ या नावाने काम करणाऱ्या एका चाहत्याने लगोलग दुरुस्तीची फाइल काढली, म्हणून लोक धड खेळू शकले. तेव्हा मागणी करताना ‘आणा’बरोबर ‘कसा आणा’ हेही लिहा : कोणतं रिझोल्युशन, कंट्रोलर चालायला हवा का, इंटरनेटशिवाय चालायला हवा का.

बंगळुरूत गिऱ्हाईक दाखवण्याच्या जागा आहेत. ॲनिमेशन आणि गेमिंगच्या संघटनेची, म्हणजे अबाईची, राज्य सरकारबरोबर भरणारी जीएएफएक्स परिषद इथेच होते. तिथे निर्माते समोरासमोर भेटतात. भेटलात तर दोन मिनिटांत मुद्दा सांगा आणि पत्राची प्रत द्या. बाहेर रांग असताना आपल्या आवडत्या पात्राची पूर्ण कहाणी ऐकवू नका. एखाद्या गेमिंग कॅफेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये त्या गेमचा दिवस ठेवला, तर किती जण आले, किती वेळ खेळले आणि किती जण विकत घ्यायला तयार झाले याची नोंद करा. हजार सह्यांपेक्षा अशा चाळीस नोंदी वजनदार ठरतात.

हे टाळा

न घेतलेल्या गेमला वाईट शेरे मारू नका. मे २०२४मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ खेळणाऱ्यांनी स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पाडला आणि सोनीने आपलं प्लेस्टेशनचं खातं जोडण्याची सक्ती मागे घेतली, हे खरं. पण ती माणसं पैसे मोजलेली गिऱ्हाइकं होती आणि तक्रार विकत घेतलेल्या मालाची होती. तोच दांडका छोट्या निर्मात्यावर उगारला तर त्याचं दुकानच बसतं.

गर्दीचं वजन उलट्या बाजूनेही पडतं. डिसेंबर २०२०मध्ये गॉगने तैवानचा ‘डिव्होशन’ हा वादग्रस्त गेम आणत असल्याचं जाहीर केलं आणि काही तासांतच ‘खेळाडूंकडून आलेल्या अनेक संदेशां’चं कारण देत माघार घेतली. निर्मात्यांनी अखेर पुढच्या वर्षी स्वतःचं दुकान काढून तो विकला. गेम वादाचा असेल तर असाही शेवट होऊ शकतो, हे गृहीत धरून निर्मात्याच्या स्वतःच्या विक्रीची चौकशी आधीच करून ठेवा.

चोरीच्या प्रतीची लिंक मागणीपत्रात किंवा ग्रुपवर देऊ नका. गेम जुना झाला म्हणून मोकळा होत नाही. भारतात कॉपीराइटची मुदत साठ वर्षांच्या हिशेबाने चालते, आणि १९९९चा गेम त्यात आरामात बसतो. देश बदलून दाखवणाऱ्या व्हीपीएनने खरेदी करणंही स्टीमच्या अटींत बसत नाही. खातं गोठलं तर त्यातले बाकीचे गेमही अडकतात. कर्मचाऱ्यांच्या खासगी खात्यांवर जाऊन त्यांना छळणं तर सरळसरळ गैर. त्या माणसाच्या हातात निर्णय नसतोच, आणि तुमच्या मोहिमेचं नाव मात्र खराब होतं.

मुदत घाला

मोहिमेला सहा महिने द्या. पहिल्या महिन्यात मालकाचा शोध, दुसऱ्यात पत्र, चौथ्यात एकच आठवण. उत्तर नाही आलं तर संधीची वाट पाहा : गेमचा पुढचा भाग, नवी आवृत्ती, पंचविसावं वर्ष. जुना माल बाहेर काढावा असं मालकाला स्वतःहून वाटतं ते अशाच वेळी, आणि तयार पत्र तेव्हा कामाला येतं. तोवर मूळ सीडी असेल तर तिची स्वतःपुरती प्रत काढून ठेवा, खोक्याचे आणि मॅन्युअलचे फोटो घ्या. उद्या कुणी हक्क सोडवले तर त्यांना हेच लागतं.

गेम आला, तर पहिल्याच आठवड्यात पूर्ण किमतीला घ्या. स्टीमवर २०१५पासून रुपयांत किंमत दिसते, त्यामुळे डॉलरची सबब उरलेली नाही. ‘सेलमध्ये घेऊ’ म्हणणाऱ्या चाळीस जणांनी निर्मात्याला दिलेला शब्द मोडला असंच होतं, आणि पुढच्या वेळी बंगळुरूहून आलेलं पत्र कुणी उघडणार नाही. आठवड्याभरात मराठीत प्रामाणिक शेरा लिहा, दोष असतील तर नोंद करून कळवा.

आणि ज्यांचे मालक शोधायची गरजच नाही, त्यांना विसरू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो लक्ष्यापर्यंत पोचला नाही. गेम पुढे २०२०मध्ये आला, आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग पीसी व इतर यंत्रांवर. अशा निर्मात्यांचे पत्ते उघड आहेत, पत्र वाचणारी माणसं तीच आणि निर्णय घेणारीही तीच. आज रात्री वीस वर्षांपूर्वीच्या गेमसाठी याचिका काढायला बसलात, तर तिच्याआधी दोन चालू भारतीय गेम विशलिस्टमध्ये टाका आणि त्यांतला एक विकत घ्या. आज त्यांना गिऱ्हाईक मिळालं, तर वीस वर्षांनी त्यांच्यासाठी याचिका काढायची पाळी कुणावर येणार नाही.